आठ वाजताचा हिरवा रंग

“बाई, त्याला एवढं न्हाऊ घालू नका. गुदमरेल ते.”

शाळेची सफाई करणाऱ्या मावशी हे म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात फवाऱ्याची बाटली होती, समोर अकरा काचेच्या बरण्या होत्या आणि डोक्यात वनस्पतिशास्त्राची पदवी होती. त्यामुळे मी हसले. म्हणजे तोंडावर नाही हसले, तेवढं वळण आहे मला. पण “बघते हं, मावशी,” असं ज्या आवाजात आपण म्हणतो आणि मग बघत नाही, त्या आवाजात म्हटलं आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.

तिसरीच्या वर्गाचे सहा बुधवार मला मिळाले होते. कसे, तेही सांगते. माझी लेक गुंडी त्याच वर्गात. शर्टाच्या गुंडीएवढी जन्मली, म्हणून गुंडी. दोन वर्षांची असताना एकदा तिचा श्वास अडकला होता. ती ते केव्हाच विसरली. मी मात्र तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून बसलेय. शाळेतही मी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने वर्गाच्या दारात. डबा राहिला, स्वेटर राहिला, नाक पुसायचं राहिलं. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एक दिवस माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“रोज दारात उभ्याच असता, तर आत येऊन काहीतरी शिकवा,” त्या म्हणाल्या. “विज्ञानाच्या बाई सोडून गेल्यापासून बुधवारचा तास रिकामा आहे. सहा बुधवार घ्या. सहाव्याला पालकांना बोलावू. जमलं, तर पुढच्या सत्रापासून विज्ञानाचे तास तुमचे. नाही जमलं, तर त्या तासाला पाढे.”

गुंडी झाल्यापासून आठ वर्षांत ‘जमलं तर’ असं म्हणून कोणी मला काही देऊ केलं नव्हतं. मी घरी पळतच आले.

“काय शिकवणार?” गुंडीच्या बाबांनी विचारलं.

“सहजीवन. दोन जिवांनी एकत्र राहायचं, एकमेकांचं अडलं-नडलं भागवायचं आणि दोघांनी तगायचं.”

“ते आधी आपण शिकू,” असं म्हणून ते भांडी घासायला उठले. मी वहीत आराखडे काढत बसले. त्यांनी धुतलेला एक पेला मी उचलून परत धुतला, तो भाग सोडून द्या.

सहजीवन शिकवायला मी दगडफूल निवडलं. झाडाच्या सालीवर, दगडावर, जुन्या भिंतीवर करड्या खपल्यांसारखं वाढतं ते. शाळेच्या मैदानातल्या झाडाखाली दगडफुलाने माखलेल्या काड्या पडलेल्या असतात. झाडावरचं एकही खरवडायचं नाही, फक्त पडलेल्या काड्या उचलायच्या, असा नियम केला. बावीस मुलं, अकरा जोड्या, अकरा काड्या.

पहिल्या बुधवारी मी एक काडी वर धरली. “हे काय आहे?”

“घाण!”

“खरूज! झाडाला झालेली!”

“ते मेलेलं आहे,” गुंडीची जोडीदारीण म्हणाली. ही मुलगी चष्म्यावरून बघते आणि कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मानत नाही, म्हणून सगळा वर्ग तिला वकील म्हणतो. तिला ते आवडतं.

“मेलेलं कशावरून?”

“हलत नाही, हिरवं नाही, वास नाही. तीन पुरावे.”

“बरं. आता मोजा.” मी फवारा मारला.

बावीस गळे मोजायला लागले. एक, दोन, तीन. दहापर्यंत काही नाही. वकीलने माझ्याकडे दयेने पाहिलं. चौदाला मागच्या बाकावरून कोणीतरी किंचाळलं. विसाला सगळा वर्ग माझ्या टेबलावर चढला होता. करडी खपली डोळ्यांदेखत हिरवी होत होती, कडेकडेने, मग मधोमध, कोणी आतून दिवा लावावा तशी. चाळिसाला ती कोवळ्या पानासारखी हिरवीगार झाली. मीही टाळ्या वाजवत होते. पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, पण बावीस मुलांबरोबर बघणं वेगळंच.

“जादू!” गुंडी ओरडली.

“जादू नाही. यात दोघं राहतात. एक बुरशी, एक शेवाळ. बुरशी घर बांधते आणि पाणी धरून ठेवते. शेवाळ तिच्या आत राहतं आणि उन्हात दोघांचं जेवण बनवतं. घर कोरडं असलं की भिंतीतून आतलं दिसत नाही. ओलं झालं की भिंत पारदर्शक होते, आतलं हिरवं शेवाळ दिसतं.”

“मग घराचा मालक कोण?” वकीलने विचारलं.

“त्यावर मोठमोठे शास्त्रज्ञही अजून भांडतात.”

हे उत्तर वर्गाला भलतंच आवडलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग बुरशी आणि निम्मा शेवाळ होऊन भांडत होता.

त्याच दुपारी मी प्रत्येक काडीसाठी बरणी केली. खाली ओला कापूस, वर काडी, झाकण घट्ट. कोरडं पडायला नको, धूळ बसायला नको, कोणी शिंकायला नको. मावशी दारात झाडू टेकवून बघत होत्या, आणि तेव्हाच त्या म्हणाल्या ते मी वर सांगितलं. तीस वर्षं त्यांनी त्या शाळेची फरशी पुसली होती, अन् त्याच सत्राच्या शेवटी त्या निवृत्त होणार होत्या. बुटक्या, काटक, बोलणं कमी. पण बोलल्या की टाचणी टोचल्यासारखं.

भिंतीवर आम्ही तक्ता लावला. अकरा बरण्यांच्या अकरा ओळी. रोज दोन चौकोन रंगवायचे, एक आठच्या घंटेला, दुसरा दहाच्या सुट्टीत. दिसेल तो रंग भरायचा, हिरवा नाहीतर करडा. मनाचा रंग भरायचा नाही. हा नियम वकीलने केला.

दुसऱ्या बुधवारी आम्ही चिमूटभर दगडफूल थेंबभर पाण्यात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. रांग लागली. पांढऱ्या धाग्यांच्या गुंत्यात अडकलेले हिरवे गोळे! “धाग्यांनी त्यांना मिठी मारली आहे,” एक म्हणाला. “मिठी नाही, पकडून ठेवलंय,” दुसरी म्हणाली. त्याच गडबडीत ‘बरणी आधी मी धरणार’ यावरून गुंडी आणि वकील यांची ओढाताण झाली आणि सात नंबरची बरणी खाली पडून फुटली.

मी काय केलं असेल? बावीस मुलांचे चव्वेचाळीस हात तपासले. मग परत तपासले. गुंडीचे तीनदा. कोणालाही ओरखडा नव्हता. मावशींनी काच गोळा केली, काडी उचलून खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवली आणि जाता जाता म्हणाल्या, “लेकीला पण एखाद दिवस बरणीत घालाल, बाई.”

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

तिसऱ्या बुधवारी आम्ही तीन बशा मांडल्या. पहिलीत तळ्यातलं शेवाळ, कोरड्या दगडावर एकटं. दुसरीत पावावरची बुरशी, तीही कोरड्या दगडावर, पाव काढून घेऊन. ही बशी मी चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केली आणि वर ‘उघडू नये’ असं तीन ठिकाणी लिहिलं. तिसरीत दगडावर उगवलेलं दगडफूल, हा दगडही मैदानातच सापडलेला. आठवडाभर कोणालाच काही द्यायचं नाही, मग सगळ्यांवर फवारा मारायचा.

“शेवाळ जिंकणार, ते स्वतः जेवण बनवतं.”

“पण त्याला पाणी कोण देणार?”

“बुरशी जिंकणार. बुरशी कशावरही येते. आमच्या चपलांवर पण आली होती.”

पैजा लागल्या. मी घरी जाताना चक्क शीळ घालत होते. गुंडी म्हणाली, “आई, लोक बघतात.” मी म्हटलं, “बघू देत.” असं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं होतं ते आठवेना.

चौथ्या बुधवारी वर्गात शिरले तर आधी वास आला.

बशांचं उत्तर आमच्या मनासारखं होतं. शेवाळाचा कागद झाला होता, बुरशीची राख झाली होती, नाकाला रुमाल बांधून मी बुरशीच्या बशीची चिकटपट्टी सोडली, पण फवारा मारून दोघंही ढिम्म. दगडफूल मात्र तिसाव्या आकड्याला हिरवं झालं. पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे बरण्यांभोवती उभे होते. दहाच्या दहा बरण्यांमध्ये काड्यांवर पांढरा केसाळ थर चढला होता आणि खाली तपकिरी बुळबुळीत काहीतरी गळत होतं. एक मुलगी रडत होती.

“आम्ही रोज झाकण नीट लावलं होतं,” ती हुंदके देत म्हणाली. “रोज!”

मी कपाळावर हात मारला. पालकांना दाखवायला दोन आठवडे उरलेले आणि माझी जितीजागती उदाहरणं दहाच्या दहा सडलेली. पुढच्या सत्राचे पाढे मला ऐकू यायला लागले.

“सात नंबर बघा!” गुंडी तक्त्याजवळून ओरडली.

फुटलेल्या बरणीची ओळ गुंडी आणि वकील या दोघींनी हट्टाने चालू ठेवली होती. बाकीच्या ओळी हिरव्या-हिरव्या-हिरव्या आणि शेवटी काळ्या. सात नंबरची ओळ मात्र पट्ट्यापट्ट्यांची होती. आठला हिरवा, दहाला करडा. दुसऱ्या दिवशी आठला हिरवा, दहाला करडा. फक्त शाळेला सुट्टी असलेले चौकोन मोकळे. आम्ही सगळे खिडकीकडे धावलो. कठड्यावर काडी पडलेली, उन्हात, करडी. फवारा मारला. बाविसाव्या आकड्याला हिरवी! इतकी ताजी की त्या मुलीचं रडणं थांबलं.

“रोज सकाळी हिला पाणी कोण घालतं?” मी विचारलं.

कोणीच नाही. सगळ्यांनी शपथा घेतल्या.

“मग दव असणार,” मी पदवीच्या आवाजात म्हटलं. “पहाटेचं दव पडतं, ऊन आलं की वाळतं.”

“हरकत आहे,” वकील म्हणाली. “दव पडलं असतं तर कठडा सगळा ओला दिसला असता. आठ वाजता कठडा पुसल्यासारखा कोरडा असतो.”

“मग पुरावा काढा.”

गुंडीनेच सुचवलं की काडीखाली टीपकागद ठेवायचा. त्या संध्याकाळी आम्ही तो चार खड्यांनी दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी होते, पण या वेळी गुंडीसाठी नाही, कागदासाठी. त्यावर डाग पडले होते. मोठे, गोल, आणि सगळे पंख्यासारखे एकाच बाजूने पसरलेले. दव असं एका बाजूने येऊन पडत नाही. हे कोणीतरी शिंपडलेलं होतं.

वर्गात गुप्तहेरांचा सुळसुळाट झाला. गुंडी रात्रभर झोपेत मोजत होती. शुक्रवारी आम्ही दोघी साडेसातलाच शाळेत पोचलो आणि नळामागे लपलो. तिने माझं बोट इतकं आवळलं होतं की नख रुतलं.

मावशी आल्या. त्यांनी कठडा ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने. फडकं नळाखाली धुतलं, पिळलं, नळावरच वाळत टाकलं. आणि ओले हात झटकायचे, ते त्यांनी खिडकीशी येऊन त्या काडीवर झटकले. एकदा, दोनदा, तीनदा. मग काडीलाच म्हणाल्या, “झाली आंघोळ. आता बस उन्हात.”

“मावशीच!” गुंडी किंचाळली आणि नळामागून उडी मारून बाहेर पडली. मावशींनी छातीवर हात ठेवला.

“मेले असते ना गं, भुते!”

मी पुढे झाले. “मावशी, मी तुमचं ऐकायला हवं होतं. चुकले मी.”

“चुकलात,” त्या म्हणाल्या. माणसं अशा वेळी ‘छे छे, असं काय’ म्हणतात. त्या म्हणाल्या नाहीत. “माझ्या घराच्या पायरीवर आहे तसलं. बस डेपोच्या मागे राहते मी, तिथे सगळ्या बायका पायऱ्या घासून लख्ख करतात. मी नाही घासत. भिजायचं, वाळायचं, परत भिजायचं, असंच जगतं ते. सारखं ओलं ठेवलं तर दोघांचं बिनसतं, अन् तिसराच कुणी घरात शिरतो.”

दोघांचं! बुरशी आणि शेवाळ हे शब्द त्यांनी माझ्या तासाला झाडू मारता मारता ऐकले होते. बाकीचं त्यांना पायरीने शिकवलं होतं.

पाचव्या बुधवारचा तास मी मावशींना दिला. त्या टेबलापाशी अजिबात उभ्या राहिल्या नाहीत. मुलांना घेऊन खिडकीशी गेल्या. आम्ही नव्या दहा काड्या वेचून कठड्यावर ओळीने मांडल्या आणि मावशींनी हात झटकायचे कसे ते दाखवलं. “बादली ओतायची नाही. बोटांनी.” तक्त्यावर नव्या अकरा ओळी आल्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळ्यांचे पट्टे सारखे, आठला हिरवे, दहाला करडे. सकाळची आंघोळ मावशींकडे, रंग मुलांकडे. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी पुढचे दोन दिवस शाळेच्या दारात गेलेच नाही. घरी बसून पालकांसाठी चित्रं काढली. गुंडी एकटी गेली, एकटी आली, जिवंत आली. मी हे वाक्य गमतीत लिहितेय, पण त्या सोमवारी ते गमतीत नव्हतं.

सहाव्या बुधवारी सव्वानऊला मी वर्गात पोचले. पालक दहाला येणार होते. चित्रं लावायला भिंतीकडे वळले आणि तक्ता दिसला. सोमवार, मंगळवार, बुधवार. आठचे चौकोन अकराच्या अकरा ओळींत करडे.

“हे कोणी रंगवलं?” माझा आवाज चढला. “आज पालक बघणार आहेत! हिरव्याच्या जागी करडा कसा?”

“जे दिसलं तेच रंगवलं,” वकील म्हणाली. “मनाचा रंग भरायचा नाही.”

“मावशी आल्याच नाहीत, आई,” गुंडी म्हणाली. “तीन दिवस.”

मी ऑफिसात गेले. कारकून म्हणाले, “रजेवर असतील. निवृत्तीला महिना राहिला, आता कोण कशाला वेळेवर येतंय!” मोठ्या बाई हजेरीपटावर सही करत होत्या. मावशींपुढे तीन दिवस ‘रजा’ लिहिलेलं होतं.

“अर्ज दिलाय त्यांनी?” मी विचारलं.

“अर्ज नाही. पण तीस वर्षांत पहिल्यांदा घेतायत, घेऊ दे बिचारीला.”

तीस वर्षांत पहिल्यांदा. मी नळापाशी गेले. मावशींचं फडकं नळावर शनिवारपासून तसंच होतं, वाळून इतकं कडक झालेलं की जमिनीवर उभं राहिलं असतं. बदलीच्या माणसाने वरवर झाडून काम उरकलं होतं. मावशी ठरवून रजेवर गेल्या असत्या, तर असं फडकं टाकून गेल्या नसत्या. घरी घेऊन गेल्या असत्या.

“कुठे निघालात?” मोठ्या बाईंनी व्हरांड्यात गाठलं. “पावणेदहा झालेत!”

“मावशींना बघून येते.”

“आत्ता? तासानंतर जा. माणूस पाठवू आपण.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आज काय ठरायचं आहे, लक्षात आहे ना तुमच्या?”

लक्षात होतं. आठ वर्षांत एवढं काहीच लक्षात ठेवलं नव्हतं. तरी मला तक्ता दिसत होता, तीन उभ्या करड्या पट्ट्या. सडलेल्या दहा बरण्याही आठवल्या. मावशींचं एकदा ऐकलं नव्हतं, त्याचं काय झालं होतं ते.

मी वर्गात येऊन फवाऱ्याची बाटली गुंडीच्या हातात दिली. “तू आणि वकील तास घ्या. सगळं येतं तुम्हाला.”

तिचे डोळे मोठे झाले. “तू दारात उभी राहशील ना?”

“नाही गं. मी मावशींकडे चाललेय.”

तिने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मग पळ ना,” ती म्हणाली.

मी पळाले. खांद्यावर तासाची पिशवी तशीच, त्यात भिंग, टीपकागद, लाकडी फूटपट्टी. डेपोच्या मागे तीन गल्ल्या होत्या. मावशींचा पत्ता माहीत नव्हता. सहा आठवडे त्यांच्याकडून शिकत होते आणि घराचा नंबर विचारला नव्हता! पहिल्या गल्लीत पायऱ्या लख्ख. दुसरीत लख्ख. एक बाई पायरी घासत होती, तिला विचारलं तर ती शाळेतल्या मावशींना ओळखत नव्हती. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला एक दार, त्याची पायरी करड्या खपल्यांनी भरलेली. कोरड्या ठणठणीत. मी वाकून बोट फिरवलं आणि दार ठोठावलं.

“मावशी!”

काही नाही. परत. मग आतून, अगदी बारीक आवाज आला, “कोण ते?”

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच बाहेर आला, कारण दाराला आतून कडी होती. शेजारी बुटांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. तो दुकानदार हातोडी घेऊनच धावला, पण मला दाराशेजारची खिडकी अर्धवट उघडी दिसली. गजांतून हात घातला, कडीपर्यंत पोचेना. चार बोटं कमी. पिशवीतली फूटपट्टी काढली, तिने कडी वर ढकलली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा खाट् करून पडली.

मावशी पलंगाशी जमिनीवरच होत्या. रविवारी न्हाणीघरात पाय घसरला होता, घोटा फणसासारखा सुजला होता. सरपटत पलंगापर्यंत आल्या, वर चढता येईना. फोन उंच फळीवर. तांब्यातलं पाणी आदल्या दिवशी संपलेलं. ओठांवर खपल्या.

“हाका मारल्या नाहीत का?” दुकानदार रडवेला होऊन विचारत होता. “मी भिंतीपलीकडे होतो हो!”

“मारल्या. तुझी हातोडी थांबेल तेव्हा ना.”

मी मोठा पेला भरून पाणी आणलं आणि त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी हाताने तो खाली केला. सहा आठवडे त्या मला बाई म्हणत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, “अगं, एकदम नको. थोडं थोडं दे. बरणी करू नकोस माझी.”

मी हसले, आणि मग रडले, आणि पाणी चमच्याने दिलं. दुकानदाराने रुग्णवाहिका बोलावली. वाट बघताना मावशींच्या गालांवर हळूहळू रंग येत होता. मी मनात मोजत होते, असं सांगितलं तर हसू नका.

“आज तुमचे पालक येणार होते ना?” त्यांनी एकदम विचारलं.

“आले असतील.”

“मग तू इथं काय करतेस, मूर्ख?”

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून होईपर्यंत मी थांबले. शाळेत परतले तेव्हा बारा वाजून गेले होते, पालक घरी गेले होते, आणि मी व्हरांड्यात दिसताच बावीसच्या बावीस मुलं एकदम बोलायला लागली.

“आम्ही शंभरपर्यंत मोजलं!”

“वकीलचे बाबा म्हणाले हे प्लास्टिक आहे, मग ते हिरवं झालं आणि ते खुर्चीवरून पडले!”

“पडले नाहीत. घसरले,” वकीलने दुरुस्ती केली.

“आणि मी सगळ्यांना तक्ता सांगितला,” गुंडी म्हणाली. तिचा स्वेटर कुठेतरी पडला होता, नाक वाहत होतं, डोळे असे चमकत होते की मी तिला ओळखलंच नाही क्षणभर. “हिरवं म्हणजे मावशी आल्या, करडं म्हणजे नाही आल्या. आई, त्या सापडल्या?”

“सापडल्या!”

जो काही आरडाओरडा झाला त्याने पाचवीचा वर्ग बाहेर आला.

मोठ्या बाई ऑफिसात हजेरीपट उघडून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन उचललं. मग तीन ‘रजा’ खोडल्या, प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ ओढून.

“तपासलं नाही मी,” त्या म्हणाल्या. “लिहून टाकलं.” मग चष्मा पुसत, “पुढच्या सत्रात बुधवार आणि शुक्रवार चालतील तुम्हाला? पण ऐन तासाला परत असं निघून जायचं नाही.”

“ते नाही सांगता येणार,” मी म्हटलं. माझंच मला आश्चर्य वाटलं. त्या हसल्या आणि बुधवार-शुक्रवार लिहून घेतलं.

मावशी आता घरी आहेत. प्लास्टरवर बावीस सह्या. दारावर तक्ता लावलाय, एकाच ओळीचा, आणि शाळेला येता-जाता एक जोडी जाऊन पायरीवर हात झटकते, आत डोकावते आणि रंग भरते. परवा आठच्या आधी तिथे गुंडी एकटीच गेली होती. मी खिडकीतून बघत होते, पण आमच्याच घराच्या खिडकीतून.

आता तुमचं. तुमच्या इमारतीचा जिना आज पुसलेला होता का? दाराशी रोज येणारं काहीतरी, रोज ऐकू येणारी एखादी बादली, कोणाचं तरी सकाळचं खाकरणं, आज आलं का? परवा आलं होतं का? ते कोण करतं, आणि ते माणूस राहतं कुठे, हे माहीत नसेल तर आधी तेवढं विचारून घ्या. दोन दिवस चौकोन करडा असेल तर ‘रजा’ लिहू नका. फोनही नको, फोन उंच फळीवर असतो. उठा, जा, दार वाजवा, आणि आतून आवाज येईपर्यंत थांबा.